साध्या वेशातला शिपाई आणि पटकथेचे इमान

नवख्या तरुण पोलिसांना साध्या वेशात गुन्हेगारांमध्ये मिसळायला पाठवायचे आणि त्यांचे बिंग फुटते की काय, या धास्तीवर प्रत्येक भाग उभा करायचा, ही दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथेची जुनी चौकट आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘द मॉड स्क्वॉड’ने ती लोकप्रिय केली, तर १९८७ मधील ‘२१ जंप स्ट्रीट’ने कोवळ्या चेहऱ्याच्या पोलिसांना विद्यार्थी म्हणून शाळेत धाडले. याच मालिकेतून निघालेली ‘बुकर’ मात्र १९८९-९० च्या एकाच हंगामात आटोपली. नट तोच होता, रुबाबही तोच होता. परंतु नायक पोलीस दल सोडून एका बड्या कंपनीचा तपासनीस झाला होता आणि कायद्याला बांधील असूनही खोटे जगावे लागण्याची त्याची कोंडी संपली होती. पटकथाकाराने यातून घ्यायचा बोध असा की, या कथाप्रकाराचा प्राण वेशांतरात नसून वेशाखालच्या जबाबदारीत असतो.

मराठी प्रेक्षकाला पोलीसकथा नवी नाही. दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ने तिची गोडी लावली, पण तपास करणारा अधिकारी तिथे उघडपणे वावरतो. शिकाऊ शिपायाच्या गुप्त कामगिरीवर मराठी मालिका लिहायची झाल्यास पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या शेजारच्या तालुक्यांइतकी अनुरूप भूमी क्वचितच सापडेल. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत व जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे कवायत केलेल्या तरुणाची चाल या गावाच्या नजरेला सरावाची आहे. बारीक कापलेले केस वाढवता येतात, तांबडे बूट काढून चपला घालता येतात. पण दोन शिकाऊ शिपाई बाजारपेठेतून बरोबर चालू लागले की नकळत त्यांची पावले जुळतात, कुणी दरडावून हाक मारली की खांदे ताठ होतात. लेखकाने संशयाची पहिली ठिणगी अशा ठिकाणी टाकावी, कारण पिस्तूल सापडण्यापेक्षा जुळलेले पाऊल दिसणे अधिक भयकारी असते.

वेश कोठे टिकतो, हेही भूगोलच ठरवतो. भीमेच्या किंवा घोडनदीच्या काठावरील गावात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न येतो तो ‘कुणाकडं आलाय?’ हाच, आणि मागोमाग आडनाव, गाव, सोयरेधायरे अशी उलटतपासणी पारावरच सुरू होते. वाळूचा बेकायदा उपसा करणाऱ्यांवर पाळत ठेवायची म्हटली तर ही अडचण आणखी वाढते, कारण सरकारी गाडी वळल्याची खबर फोनवरून नदीपात्रातल्या बोटीपर्यंत पोहोचवणारी पोरे रस्त्यावर बसलेली असतात. याउलट रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून खोली भाड्याने घेणाऱ्याला किंवा दौंड जंक्शनच्या फलाटावर मनमाडकडच्या गाडीची वाट पाहणाऱ्याला कोणी फारसे विचारत नाही. परका माणूस जिथे नित्याचा, तिथेच गुप्त पोलीस खपून जातो.

त्याहून कठीण मर्यादा कायद्याची आहे. बनावट ग्राहक, म्हणजे बेकायदा माल घेण्याच्या बहाण्याने पाठवलेली व्यक्ती, चालू असलेला गुन्हा उघडकीस आणू शकते. परंतु ज्याच्या मनात गुन्हा नाही त्याला भरीस घालून तो करायला लावणे ही निराळी गोष्ट आहे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये रामजनम सिंह प्रकरणात स्पष्ट केला. विश्वास संपादन करता करता शिपाई ही रेषा ओलांडतो का, हा प्रश्न पाठलागाच्या दृश्यापेक्षा कितीतरी अधिक नाट्यमय आहे.

छाप्यानंतर पंचनामा होतो, म्हणजे स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष जागेची आणि जप्त मालाची लेखी नोंद केली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रीकरणही बंधनकारक केले आहे. बातमीदाराचे नाव सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, हे संरक्षण १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. शिपायाला स्वतःला मात्र साक्षीसाठी पिंजऱ्यात उभे राहिल्यावर नाव, नेमणूक आणि बक्कल नंबर, म्हणजे दलातील त्याचा ओळख क्रमांक, सांगावा लागतो. ज्याच्या घरी तो जेवला, तोच आरोपी समोर उभा राहून ऐकत असतो, आणि बचावाचा वकील ‘तूच त्याला भरीस घातलेस ना?’ असे विचारतो.

बहुतेक पटकथा बेड्या पडताच थांबतात आणि हे उत्तर टाळतात. मराठीत अशी मालिका लिहू पाहणाऱ्यांनी शेवटचा भाग न्यायालयासाठी राखून ठेवावा आणि साक्षीचे ते प्रश्नोत्तर आधी लिहूनच पहिल्या भागाला हात घालावा.