कबनूरचे पाणी आणि माझी अपुरी कादंबरी

"आण्णा, मला विज्ञान कादंबरी लिहायची आहे. पण आपल्या कबनूरमध्ये असं काय घडतं?"

गेल्या चातुर्मासात मंदिरातून परतताना आमच्या गल्लीतील एका मुलीने मला हा प्रश्न विचारला. ती इचलकरंजीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. मी काही लिहीत असतो ही बातमी तिच्यापर्यंत कशी पोहोचली हे मी विचारले नाही. आमच्या गल्लीत बातमीला पाय लागत नाहीत. सेवानिवृत्तीनंतर गेली चार वर्षे मी पहाटेच्या सामायिकानंतर तासभर एक विज्ञान कादंबरी लिहीत आहे. एम.कॉम. झालेल्या आणि उभा जन्म कर्जाच्या फायली चाळण्यात घालवलेल्या माणसाने विज्ञानावर कादंबरी लिहावी, हा आमच्या घरात थट्टेचा विषय आहे. त्या मुलीला रस्त्यात उभ्या उभ्या जे उत्तर दिले, ते अगदीच तोकडे होते. उरलेले येथे लिहितो. तिच्यासारखी आणखीही कोणी आपल्या समाजात असतील.

प्रथम तिच्या मनातील संकोचाविषयी. विज्ञानकथा म्हणजे अमेरिकेत किंवा अंतराळात घडणारी गोष्ट, असे आपण धरून चालतो. परंतु मराठी विज्ञानकथेतील सर्वांत मोठे नाव आपल्याच जिल्ह्यातले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. बालपण बनारसला गेले, पुढे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. हे हॉईल स्वतः कादंबरीकार होते. त्यांची 'द ब्लॅक क्लाऊड' १९५७ साली प्रसिद्ध झाली. नारळीकर मराठीत लिहू लागले ते मात्र भारतात परतल्यावर. अहमदाबादेतील एका परिसंवादात एक कंटाळवाणे भाषण चालू असताना त्यांनी कथा लिहायला घेतली. (आमच्या विभागीय बैठकांत अशी किती भाषणे मी नुसतीच ऐकून घालवली, याचा विचार आता न केलेला बरा.) १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, आणि ती पाठवली 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव बनवले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हातची उतरवून घेतली होती. पहिले पारितोषिक त्या 'जगतापांना' मिळाले.

त्याच १९७४ साली आमच्या शेजारी, इचलकरंजीत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. मी शाळकरी होतो. वडिलांचे बोट धरून गर्दीत उभा राहिल्याचे आणि काही न दिसता सगळे हसले म्हणून हसल्याचे पुसट आठवते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी विज्ञानकथेची आणि नारळीकरांची दखल घेतली, आणि हा प्रकार मराठीच्या सोप्यातून माजघरात आला. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा मी ती जगतापांची हकीकत पुन्हा आठवली. जगभर ख्याती असलेल्या शास्त्रज्ञाला आपले नाव झाकून परीक्षकांपुढे जावेसे वाटले, कारण कथा कथा म्हणून उभी राहते का, हे त्याला पाहायचे होते. आपल्यापाशी तर झाकायला नावही नाही. मग भीती कशाची?

आता कामाचे बोलतो. विज्ञान कादंबरीच्या बाबतीत मला जे काही उमगले, ते बँकेच्या भाषेतच सांगता येते. वाचक लेखकाला एकच विनातारण कर्ज देतो. एक गोष्ट, जी आज अस्तित्वात नाही, ती तो मुकाट्याने मान्य करतो. नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीच्या पोटात एक पेटी सापडते. तेवढे आपण मान्य केले की पुढचे सारे त्या पेटीतून तर्काने निघत जाते. दुसरे विनातारण कर्ज मागायला गेलात की वाचक तुमची फाईल बंद करतो. पहिल्या मसुद्यात मी एक नवे यंत्र, एक परग्रहवासी आणि एक काळाचा प्रवास अशी तीन कर्जे उचलली होती. साठ पाने फाडावी लागली.

शेवटी उरले ते एकच कर्ज, आणि ते आमच्या घरातूनच निघाले. आमच्या लहानपणी आई आडावरून पाणी शेंदून आणी आणि घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके धरून ते गाळी. गाळून झाले की फडके उलटे करून त्यावर स्वच्छ पाणी ओती, आणि ते पाणी कळशीने हळूच पुन्हा आडात सोडी. वरून ओतायचे नाही, पाण्याला टेकवून सोडायचे. का, असे विचारले तर म्हणे, "ज्यांचं घर आहे त्यांना घरी पोचवायला नको का?" त्या अदृश्य जिवांचा आवाज आपल्याला ऐकू आला तर, ही माझ्या कादंबरीची कल्पना.

नुसती कल्पना पुरत नाही, तिला तारण लागते. शोधता शोधता मला एक खरा प्रयोग सापडला. २००४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स गिम्झेव्स्की, अँड्र्यू पेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिसूक्ष्म सुईने यीस्टच्या जिवंत पेशीला स्पर्श केला. पेशीची भिंत सेकंदाला सुमारे हजार वेळा थरथरत होती. माणसाचा कान सेकंदाला वीसपासून वीस हजारपर्यंतची कंपने ऐकतो. म्हणजे ही थरथर आपल्या कानाच्या पट्टीतली आहे. ती ऐकू येत नाही, कारण ती जेमतेम काही नॅनोमीटरची असते, आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. तापमान वाढवले की थरथरीचा वेग वाढे. पेशीची जीवनक्रिया थांबवणारे विष घातले की ती थांबे. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे विनातारण कर्ज आता एवढेच उरले, की एका वेळी संपूर्ण पेलाभर पाण्याची थरथर ऐकवणारे यंत्र कोणीतरी बनवले. बाकी सारे खरे ठेवायचे.

एक सावधगिरी आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या परंपरेत कल्पनेला खाद्य अमाप आहे. अवसर्पिणी-उत्सर्पिणीचे कालचक्र, एकवीस हजार वर्षांचा पंचमकाळ, पल्योपम आणि सागरोपम, संख्यात-असंख्यात-अनंत असे मोजणीचे प्रकार. काळाची एवढी लांब पट्टी ज्यांच्या हाताशी आहे, त्यांनी विज्ञान कादंबरीला घाबरावे हेच नवल. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला तो अमोघवर्षाच्या राज्यात. परंतु 'आमच्या शास्त्रात हे सारे आधीच सांगितले आहे' हे दाखवण्यासाठी कादंबरी लिहू नये. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, त्या प्रश्नावर कादंबरी उभी राहत नाही. ते व्याख्यान होते, आणि शास्त्रावर व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्या त्यागीवृंदाचा आहे, माझा नव्हे. मी शास्त्रातून मोजमाप घेतो आणि प्रयोगशाळेतून वस्तुस्थिती.

कबनूरमध्ये काय घडते, हा तिचा प्रश्न मात्र मला आता वेगळाच दिसतो. यंत्र बनले असे धरले, की पुढचे प्रश्न सगळे कबनूरचेच. ते विकत कोण घेईल? त्याला कर्ज कोण देईल, आणि तारण काय ठेवून घेईल? मागाच्या खडखडाटात ते चालेल का? (चालणार नाही, म्हणून माझा नायक ते यंत्र वीज गेल्यावरच लावतो. मागवाल्यांच्या गावात शांतता कधी असते, हे पुण्याच्या लेखकाला सुचले नसते.) कांडी भरणारी बाई ते ऐकून काय म्हणेल? सायझिंगचा मालक काय म्हणेल? काळ्या ओढ्याच्या काठी ते लावले तर काय ऐकू येईल? अंतराळयानातील तपशील चुकला तर फार थोड्यांना कळतो. धोट्याचा किंवा बीमचा तपशील चुकला तर आमचा अर्धा गाव दारात येईल, आणि बरोबर आला तर तोच अर्धा गाव त्या यंत्रावरही विश्वास ठेवील.

नव्वदाव्या पानावर मी अडलो, आणि तब्बल सात महिने अडून राहिलो. ओढ्याच्या काठी यंत्र लावण्याचे प्रकरण लिहिता येईना. बँकेत ज्या रकमेचे खाते सापडत नाही, ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. वर्षअखेरीस मात्र ती कोणाची हे शोधावेच लागते. माझीही एक जुनी नोंद तशीच पडून होती. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या कर्जाची शिफारस केली होती. अहवालात 'सांडपाण्याची व्यवस्था' असा एक रकाना होता. मी पाहणीला गेलो तेव्हा पाऊस होता, मागच्या बाजूला चिखल होता, आणि उशीर झाला होता. मी कचेरीत येऊन त्या रकान्यात 'समाधानकारक' असे लिहिले. कर्ज वेळेवर फिटले. माझे कौतुकही झाले. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली, तेव्हा मला तो रकाना आठवला. ती साथ पिण्याच्या दूषित पाण्याची होती, रंगाच्या पाण्याची नव्हे. माझ्या फाईलशी तिचा संबंध नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरीही आठवला. आईच्या घरात वाढलेल्या माणसाने, मागच्या बाजूला न जाता, तो शब्द लिहिला होता.

हे ध्यानात आल्यावर अडलेले प्रकरण नऊ दिवसांत लिहून झाले. नायकाऐवजी एक बँक अधिकारी यंत्र घेऊन ओढ्याकाठी जातो. कानाला लावतो. यंत्र बिघडले असे समजून तो ते तीनदा तपासतो. मग घरच्या आडाच्या पाण्यात बुडवून पाहतो. तिथे यंत्र उत्तम चालत असते.

मुलीने विचारले होते, की विषय कसा निवडायचा. माझे उत्तर हेच, की आपल्या सस्पेन्स खात्यात काय पडून आहे ते पाहावे. तिचे वय एकोणीस आहे. तिचे खाते एवढे भरलेले नसेल. पण मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाईन' लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, तेव्हा वयाची सबब दोन्ही बाजूंनी चालत नाही. किरकोळ सूचनाही देतो. आधी एक लघुकथा लिहून स्पर्धेला किंवा दिवाळी अंकाला पाठवावी. कथेत यंत्र पहिल्यांदा चालू होते तिथे थांबता येते. कादंबरीत दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले हे सांगावेच लागते. विज्ञानाचा भाग त्या विषयाच्या शिक्षकाला दाखवावा, माणसांचा भाग घरातील सर्वांत वयस्कर बाईला. माझ्या सौभाग्यवतीने पहिली पन्नास पाने ऐकून विचारले होते, "यातली माणसं जेवतात कधी?" त्यानंतर मी भाकरीची वेळ सांभाळून लिहितो.

एक प्रकरण मला अजून साधलेले नाही. त्यात घरातील आजी चुलीवर पाणी तापत ठेवते आणि नातू गमतीने यंत्र त्या भांड्याला लावतो. पाणी जसजसे तापते तसतसा आवाज चढत जातो, आणि मग थांबतो. आजी जन्मभर उकळलेले पाणी पीत आली आहे. तसे का प्यायचे हेही तिला नीट ठाऊक आहे, कारण न उकळलेल्या पाण्यात जीव पुन्हा पुन्हा उपजत राहतात. तरी ऐकणे वेगळे. ती नातवाला काय म्हणेल? चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ती माझ्या तोंडचे बोलली. एका विद्वान त्यागींना मी हा प्रसंग सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "आजीला घाई करू नका."

येत्या रविवारी ती मुलगी तिची पहिली दहा पाने घेऊन येणार आहे. तिची गोष्ट कबनूरच्या बसथांब्यावर सुरू होते, एवढेच तिने सांगितले आहे. बदल्यात माझे ओढ्याकाठचे प्रकरण तिला वाचायला द्यायचे मी कबूल केले आहे. त्यातील फाईल खरी आहे, हे मी तिला सांगितलेले नाही. पण हा अंक तिच्याही घरी येतो.