बेंटोनियाचा कोमल गंधार

ब्लूजच्या शोधात मिसिसिपीत येणारे लोक बहुधा थेट क्लार्क्सडेल गाठतात. तिथे ब्लूजचं संग्रहालय आहे. रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकून गिटारीवरची हुकमत मिळवली, ही दंतकथा ज्याला चिकटली आहे तो चौकही तिथलाच. त्या गावाबद्दल मला आदर आहे, पण ब्लूज माझ्या कानात शिरलं ते बेंटोनियात. जॅक्सनहून हायवे ४९ ने उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव, वस्ती पाचशेच्या आत. नोकरीमुळे मी जॅक्सनला राहत होते आणि शनिवार मोकळा मिळाला की गाडी तिकडे वळायची.

रेल्वेच्या रुळांलगत एक बैठी, पांढरी-निळी इमारत आहे: ब्लू फ्रंट कॅफे. केरी आणि मेरी होम्स या कृष्णवर्णीय जोडप्याने १९४८ मध्ये ती सुरू केली. अशा जागांना तिकडे ‘ज्यूक जॉइंट’ म्हणतात. दिवसभर शेतात राबलेल्या माणसांनी यावं, खावं, प्यावं, गाणं ऐकावं, नाचावं यासाठीची ही जागा. इथे गरम जेवण मिळायचं, तळलेली बफेलो मासळी मिळायची, किराणा मिळायचा, केससुद्धा कापून मिळायचे. गावात रात्री दहानंतर संचारबंदी असे, पण कापसाचा हंगाम भरात आला की जिनिंगच्या पाळ्यांवरून सुटणाऱ्या मजुरांसाठी कॅफे चोवीस तास उघडा राही. वंशभेदाच्या कायद्यांचे ते दिवस. काळ्या माणसाच्या या दुकानाला कोका-कोला विकायची मुभा नव्हती आणि गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसून खाणं निषिद्ध होतं. आज याच खोलीत जपानपासून जर्मनीपर्यंतची माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. हे आठवलं की माझा गळा दाटून येतो.

१९७० मध्ये दुकान मुलाकडे, जिमी होम्सकडे आलं. गावात आणि रेकॉर्डच्या वेष्टनांवर त्यांना ‘डक’ म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात मैफलीची कल्पना होती. प्रत्यक्षात आत तीन-चार गिऱ्हाइकं, गुणगुणणारा फ्रीज, भिंतभर जुनी पोस्टरं. होम्स काउंटरमागून बाहेर आले, खुर्ची ओढली, गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागले. कुणी कुणाची ओळख करून दिली नाही, कुणी टाळ्या मागितल्या नाहीत. मध्येच एक बाई चिप्सचं पाकीट घ्यायला आल्या. गिटार बाजूला ठेवून त्यांना पाकीट दिलं गेलं, पैसे गल्ल्यात पडले आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

त्या आवाजाने मी चमकले. रेडिओवरच्या ब्लूजला जी झोकदार चाल असते ती इथे नव्हती. अंगठा खालच्या तारांवर एकच ठेका धरून राहिलेला, वरच्या तारांवर बोटं थोडकंच काही बोलत होती, आणि सगळ्या वादनावर एक करडी छाया पसरली होती. लहानपणी मी मिरजेला पेटी शिकले, त्यामुळे कान आपोआप स्वर मोजू लागला. षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज, मग कोमल गंधार, पंचम, षड्ज. गिटारीच्या सहाही तारा, कुठेही बोट न दाबता, एवढेच स्वर देत होत्या.

घरी आल्यावर गिटार हातात घेऊन पाहिलं. नेहमीच्या जुळणीतल्या पाचव्या आणि चौथ्या तारा दोन-दोन पट्ट्या चढवल्या की ही जुळणी तयार होते, बाकीच्या चार तारांना हात लावावा लागत नाही. खरी गंमत तिसऱ्या तारेवर आहे. ती मोकळी सोडली तर कोमल गंधार, पहिल्याच पट्टीवर बोट आपटलं तर शुद्ध. वादक त्या एका बोटाने क्षणात ऊन पाडतो, क्षणात सावली. कोमलवरून शुद्धाकडे जाताना मधे कुठेतरी जो स्वर निसटता ऐकू येतो, तो मी पेटीवर कधीच काढू शकले नसते. या जुळणीला स्किप जेम्स ‘क्रॉस-नोट’ म्हणत.

स्किप जेम्स याच गावचे. जन्म १९०२ चा. १९३१ च्या फेब्रुवारीत ते विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला जाऊन पॅरामाउंट कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करून आले. ही कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. जागतिक मंदी ऐन भरात होती, रेकॉर्ड खपल्या नाहीत आणि जेम्स यांनी ब्लूज सोडून धर्मकार्य पत्करलं. १९६४ मध्ये काही तरुण गोऱ्या गिटारवादकांनी त्यांना ट्युनिकाच्या इस्पितळात शोधून काढलं. त्याच उन्हाळ्यात ते न्यूपोर्टच्या महोत्सवात गायले. तो उंच, पातळ, थंडगार आवाज तेहतीस वर्षांनी पुन्हा जगासमोर आला. पुढे पाचच वर्षांत ते गेले.

त्यांच्या गाण्यांबद्दल लिहिताना लोक हटकून भुताखेतांची, सैतानाची भाषा वापरतात. मला ती पटत नाही. गाण्यांच्या शब्दांत सैतान येतो हे खरं. पण त्या भाषेमुळे या माणसांचं शिकणं, घोटणं, ऐकणं सगळं पुसलं जातं. ही विद्या हेन्री स्टकी यांच्याकडून आली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये भेटलेल्या कॅरिबियन सैनिकांकडून त्यांनी ही जुळणी उचलली, असं सांगतात. स्टकींनी जेम्सना शिकवलं. लहानग्या जिमी होम्सच्या कानावरही त्यांचीच गिटार पहिल्यांदा पडली. पुढे होम्सना धडे मिळाले ते जॅक ओवेन्स यांच्याकडून. ओवेन्स हे शेतकरी. ना स्वरलेखन येत होतं, ना स्वरांची इंग्रजी नावं. बघ, ऐक, वाजव, एवढीच शिकवण्याची रीत. १९९३ मध्ये त्यांना लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते.

तीच रीत मी ब्लू फ्रंटमध्ये पाहिली. एका दुपारी लांबून आलेला एक मुलगा गिटार घेऊन होम्ससमोर बसला होता. हाताशी वही होती आणि तो सारखा विचारत होता, हे कोणतं कॉर्ड, हे कितव्या पट्टीवर. उत्तर म्हणून तोच तुकडा पुन्हा वाजायचा, जरा सावकाश. तासाभराने मुलाने वही मिटली आणि तो नुसता त्या अंगठ्याकडे पाहू लागला. त्यानंतर त्याचा ठेका जमायला लागला.

होम्स यांचा ‘सायप्रस ग्रोव्ह’ हा अल्बम २०१९ मध्ये निघाला आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मला त्याचा फार आनंद झाला. पण हेन्री स्टकी १९६६ मध्ये वारले ते एकही रेकॉर्ड न निघता. ज्यांच्या हातातून हे सगळं सुरू झालं त्यांचा हात कसा पडत होता, हे आता फक्त त्यांच्याकडून शिकलेल्यांच्या वाजवण्यावरून ताडायचं. म्हणून मला या दुकानाचं मोल वाटतं. नफ्याचा हिशेब केला असता तर ते केव्हाच बंद पडलं असतं. जिनिंगचे मजूर गेले, शेतात यंत्रं आली, तरुण पोरं शिकागो-डेट्रॉइटला पांगली. होम्स यांनी दार उघडं ठेवलं.

होम्स कुटुंबाने १९७२ मध्ये सुरू केलेला ब्लूज महोत्सव जूनमध्ये भरतो, तेव्हा गावात गाडी लावायला जागा नसते. अमेरिकेच्या दक्षिणेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना माझं सांगणं आहे की महोत्सव बघाच, पण एकदा साध्या दिवशीही जा. आधी काउंटरवर काहीतरी विकत घ्या, मग बसा. आणि पेटी किंवा तानपुऱ्यावर कान तयार झालेलं कुणी घरात असेल तर त्यांना आवर्जून सोबत न्या. त्या तिसऱ्या तारेवर काय चाललं आहे, हे त्यांना चटकन कळेल.