गेलेल्याची नोंद

नवजात ताऱ्याचे नाव काढले की आम्हा साहित्यप्रेमींच्या मनात कोवळ्या उन्हाचीच प्रतिमा उभी राहते. विज्ञान मात्र निराळे सांगते. कोवळा तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचे चुंबकत्व प्रबळ असते आणि त्या चुंबकत्वाने तापलेल्या प्रभामंडळातून क्ष-किरणांचा अखंड वर्षाव होतो. आपला सूर्यही तारुण्यात आजच्या शेकडो पट क्ष-किरण फेकीत असे.

या दाहाचे मोल जवळच्या ग्रहांना द्यावे लागते. सुमारे ३३० प्रकाशवर्षे दूर एका लाल बटू ताऱ्याभोवती टीओआय-१२२७ बी नावाचा ग्रह २७ दिवसांत फेरी पुरी करतो. ताऱ्याचे वय सुमारे ८० लाख वर्षे. ४६० कोटी वर्षांचा आपला सूर्य पन्नाशीचा गृहस्थ मानला, तर हे महिन्याभराचे मूल! सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या ‘चंद्रा’ दुर्बिणीने त्याचे क्ष-किरण टिपले. त्यांवरून २०२५ साली संशोधकांनी गणित मांडले, की पृथ्वीच्या साऱ्या वातावरणाइतका वायू हा ग्रह दर दोनशे वर्षांत गमावीत असावा. क्ष-किरणांनी वरचे थर तापतात, वायू फुगतो आणि ग्रहाच्या गुरुत्वाला तो आवरत नाही. आज आकाराने गुरूच्या जवळपास असलेला हा ग्रह पुढे कितीतरी लहान होईल.

आम्ही महसूल खात्यात आयुष्य काढले. कृष्णाकाठच्या गावांत पुराने शेताचा तुकडा खचून जाई. दप्तरात उरलेल्या क्षेत्राचा आकडा चढे, शेतकरी मात्र पात्राकडे बोट दाखवून म्हणे, “साहेब, तिथवर आमचं होतं.” दूरच्या ग्रहांविषयी वाचताना ते बोट आम्हाला आठवते. ताऱ्यालगतचा एखादा उघडा, खडकाळ ग्रह पाहून तो जन्मतःच तसा होता असे मानणे म्हणजे केवळ शेवटचा उतारा वाचणे होय. त्याने काय सोसले हे त्या उताऱ्यावर नसते.

पृथ्वीच्या दप्तरी मात्र अशी एक खूण उरली आहे. सूर्यात निऑन आणि नायट्रोजन जवळपास तोडीस तोड आहेत. आपल्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के, आणि निऑन लाखात दोन भागही नाही. निऑन कशाशीही सहजी संयोग पावत नाही. तेव्हा तो खडकांत बांधला गेला असेही म्हणता येत नाही. आरंभीचे वायूंचे आवरण पृथ्वीपाशी टिकले नाही, आणि आजची हवा बहुतांशी नंतर तिच्या पोटातून वर आली, असे शास्त्रज्ञ मानतात. ते आवरण घालविण्यात तरुण सूर्याचा हात असावा. पुढे सूर्याची गती मंदावली, दाह ओसरला आणि नवी हवा ठरली.

त्याच हवेत आम्ही श्वास घेतो. पहिल्या हवेचा उतारा आज कोणाच्याच नावे नाही; ती टिकली नाही, एवढेच निऑनच्या त्या चिमुकल्या आकड्यावरून कळते.