निसवलेल्या केळीचं पिवळं पान



थंडी पडली की मोबाइलवर पिवळ्या पानांचे फोटो यायला लागतात. "दादा, केळी निसवली आणि पानं पिवळी पडताहेत, काय मारू?" असं प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं असतं. एका पानाच्या फोटोवरून काय मारायचं हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. शेवटपर्यंत वाचा, बिल वाचेल.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. केळी एकदा निसवली की त्या झाडाला नवीन पान येत नाही. पोंग्यातून कमळ बाहेर पडलं म्हणजे पानांचं काम संपलं. कपाशीचं पान गेलं तर वरून दुसरं फुटतं, इथं तसं नाही. निसवणीच्या दिवशी झाडावर जी दहा-बारा हिरवी पानं असतील, त्यांच्यावरच पुढचे तीन-चार महिने घड भरायचा असतो. ती पानं लवकर गेली तर फण्या बारीक राहतात, माल वापसीत निघतो आणि व्यापारी कमी भाव लावतो. म्हणून निसवणीनंतरचं पिवळं पान हलक्यात घ्यायचं नसतं. पण घाबरून चार बाटल्या एकत्र करून मारायच्याही नसतात.

मागच्या जानेवारीत शिरपूर तालुक्यातल्या माझ्या पुतण्याचा फोन आला. मृगबाग, जी-नाईन, तीन हजार झाडं, नुकतीच निसवण सुरू झालेली. सोसायटीचं कर्ज डोक्यावर आणि बहिणीचं लग्न उन्हाळ्यात ठरलेलं. म्हणाला, "काका, बाग पिवळी पडली. पाच जणांना फोटो पाठवले, पाच जणांनी पाच रोग सांगितले." दुकानदारानं साडेसहा हजारांची यादी करून दिली होती. मी म्हटलं, "काही मारू नको, उद्या येतो. कुदळ आणि कोयता तेवढा बांधावर ठेव."

गेल्यावर आधी पान पाहिलंच नाही. बांधावरून सगळी बाग पाहिली. पिवळेपणा सगळीकडे सारखा आहे, की एका पट्ट्यात, की इथं एक तिथं एक, हे आधी कळलं पाहिजे. सगळी बाग सारखी पिवळी असेल तर खत किंवा हवामान बघायचं. एकच पट्टा असेल तर पाणी, जमीन, ठिबकची नळी. मधूनच एखादं झाड असेल तर रोगाचा संशय घ्यायचा. त्याची बाग वरच्या अंगाला हिरवीगार होती. नाल्याकडच्या उताराची सात-आठ ओळी, अंदाजे तीनशे झाडं, तेवढीच पिवळी. निम्मं उत्तर तिथंच मिळालं होतं, तरी एकेक करून सगळं तपासलं. तुम्हीही तसंच तपासा.

कोणतं पान पिवळं? नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून दुसरीकडे नेऊ शकतं. घड भरायला लागला की खालच्या पानातला माल वर जातो. म्हणून यांची कमतरता खालच्या पानावर आधी दिसते. लोह आणि गंधक असं हलत नाही, त्यांची कमतरता नव्या पानावर दिसते. आता निसवलेल्या झाडाला नवं पान कुठून आणायचं? बाजूचं पील बघा. पिलाचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत असं होतं. जमिनीत लोह असतं, पण मुळाला उचलता येत नाही.

पानाचा कोणता भाग पिवळा? सगळं पान सारखंच फिकट असेल तर नत्र. शेंडा आणि कडेपासून नारिंगी-पिवळं होऊन वाळत असेल, पान आत वळून मध्येच मोडून लोंबत असेल तर पालाश. घडाला सगळ्यात जास्त पालाशच लागतं. आपल्या विद्यापीठाची शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश अशी आहे. बरेच जण युरिया हात भरून टाकतात आणि पालाश महाग म्हणून अर्धंच देतात, त्याचा हिशोब निसवणीत समोर येतो. कड हिरवी, मधल्या दांड्याजवळ हिरवं आणि दोघांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम.

ठिपके आहेत का? पान उन्हाकडे धरून बघा. बारीक पिवळसर रेघा, मग तपकिरी लांबट ठिपके, मध्ये राखाडी आणि भोवती पिवळी कड, असं असेल तर तो करपा. याला खत देऊन उपयोग नाही. रोगट भाग कापून बागेबाहेर नेऊन जाळायचा आणि शिफारशीप्रमाणे बुरशीनाशक घ्यायचं. पण कापताना फक्त रोगट भाग कापा, चांगलं पान ठेवा. निसवलेल्या झाडाचं हिरवं पान उगाच काढणं म्हणजे घडाच्या तोंडचा घास काढणं.

पट्टे आहेत का? कोवळ्या पानावर, पिलाच्या पानावर फिकट पिवळे पट्टे हरणाच्या अंगासारखे दिसले तर हरण्या. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडे या रोगानं काय केलं ते आपण पाहिलंय. हा विषाणू आहे, मावा पसरवतो, औषध नाही. झाड मुळासकट काढून नष्ट करायचं आणि केळीत काकडी, मिरची, टोमॅटो घ्यायचं टाळायचं.

खोड कापून बघा. खालची पानं कडेनं पिवळी होऊन देठातून मोडून खोडाभोवती लोंबत असतील तर एक झाड आडवं कापा. आत तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या तर मर रोगाचा संशय घ्या. बिहार, उत्तर प्रदेशात आपल्या जी-नाईनसारख्या जातींवर मर आली आहे, म्हणून याला कमी समजू नका. त्या झाडाचं पाणी, माती, पिलं दुसरीकडे जाऊ देऊ नका आणि लगेच जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा.

पुतण्याच्या बागेत ठिपके नव्हते, पट्टे नव्हते, खोड आतून पांढरं स्वच्छ होतं. खालची चार-पाच पानं सारखी फिकट होती. मग कुदळ घेतली. बुंध्यापासून हात-दीड हात अंतरावर खोदलं. वरच्या अंगाला मुळ्या पांढऱ्या, टणक. उताराच्या ओळीत मुळ्या काळपट, बोटानं चोळल्या की साल हातात येत होती आणि मातीला वास मारत होता.

कारण साधं होतं. वीज रात्रीची. तो मोटार चालू करून झोपायचा आणि सकाळी बंद करायचा. काळी जमीन, वर थंडी, ऊन कमी. मे महिन्यात लागतं तेवढं पाणी केळीला जानेवारीत लागत नाही. जास्तीचं पाणी उताराला साचत होतं आणि मुळांना हवा मिळत नव्हती. खत जमिनीत होतं, पण उचलायला मुळीच नव्हती. त्यात आणखी साडेसहा हजारांचं औषध ओतून काय झालं असतं?

त्या ओळींचं पाणी आठ दिवस बंद केलं. नाल्याच्या बाजूनं चर काढला. मोटारीला टायमर बसवला. वाफसा आल्यावर थोडं थोडं खत ठिबकमधून सुरू केलं. मुळी कामाला लागेपर्यंत घडाला आधार म्हणून सगळ्या फण्या उघडल्यावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम ०:५२:३४ आणि १०० ग्रॅम युरिया अशी घडावर फवारणी घेतली. पिवळी झालेली पानं परत हिरवी झाली नाहीत, ती होतही नाहीत. पण वरची पानं टिकली. त्या तीनशे झाडांचे घड बारीकच राहिले, बाकी बागेनं माल चांगला दिला. लग्न ठरल्या तारखेला झालं, कर्ज थोडं मागे राहिलं.

आणखी एक. थंडी फार वाढली की चरक्यानंही पानं पिवळी पडतात. तेव्हा बागेभोवती वारा अडवा, पहाटे हलकं पाणी द्या. आणि कापणी जवळ आली की खालची दोन-चार पानं आपोआप पिवळी होतात, झाड आपलं सगळं घडाला देत असतं. त्याला रोग समजू नका.

तर मंडळी, यापुढे मला फोटो पाठवायचा असेल तर चार पाठवा: सगळी बाग, अख्खं झाड, पिलाचं कोवळं पान आणि उकरलेली मुळी. पाणी किती तास देता तेही लिहा. रात्री आठनंतर निवांत बघून उत्तर देतो.