खणांची शाळा

‘पक्का’ या शब्दाचा मला अलीकडे धाक वाटू लागला आहे. पक्का रस्ता, पक्के घर, पक्की शाळा! आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेची खोड जात नाही) निंबोडीच्या शाळेचे छत २८ ऑगस्ट २०१७ रोजी पावसात कोसळले आणि तीन लेकरे गेली. तेव्हापासून पावसाळा आला की आम्ही मास्तर लोक फळ्याकडे कमी आणि आढ्याकडे अधिक पाहतो. आमच्याही शाळेची एक खोली धोक्याची ठरली आणि चौथीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरू लागला. तेथे पाढे छान घुमत. मात्र सात सत्ते म्हणता म्हणता कोणी आजी येऊन घंटा वाजवी, आणि एकोणपन्नास राहूनच जात.

ही खोली लाकडाची का असू नये, असे मी एकदा म्हणालो, तर सगळे हसले. लाकूड म्हणजे कच्चे, हे आपल्या मनात घट्ट बसले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसे गाडली गेली, तेव्हापासून तर जुन्या पद्धतीच्या घराचे नावच नको झाले. पण मारले ते कोणी? मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीच्या ओझ्याने. कितीतरी घरांत भिंती ढासळल्या तरी आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्याच होत्या. दोष मातीचा, आणि शिक्षा लाकडाला! त्याच वर्षी केंद्राच्या बांधकाम खात्यानेही जंगले वाचवण्यासाठी आपल्या इमारतींत लाकूड बंद केले. ती बंदी उठायला २०२० साल उजाडले.

दरम्यान जग दुसऱ्या वाटेने गेले. युरोपात कारखान्यात लाकडी भिंती आणि छते तयार करतात, गाडीवर घालून आणतात आणि शाळेच्या सुट्टीत वर्ग उभा करतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो, आणि तो झाडाने हवेतूनच ओढून घेतलेला असतो. उलट सिमेंटसाठी चुनखडी भाजली की तो हवेत सुटतो. अर्थात त्यासाठी सह्याद्रीवर कुऱ्हाड चालवा असे कोण म्हणेल? बांधावर लावता येईल असे पुष्कळ आहे. रानाबाहेर वाढवलेला बांबू तर २०१७ पासून कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही. तो शेतकऱ्याने खुशाल तोडावा.

हे सारे मी गावातल्या म्हाताऱ्या सुतारमामांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते बिडी विझवून म्हणाले, “गुरुजी, यात नवं काय? वाडा असाच व्हायचा. समदी लाकडं खाली जमिनीवर घडवायची, कुसू भोकात बसतं का बघायचं, अन् मग उभं करायचं. एक वाडा तर आम्ही उलगडून, खडूनं नंबर टाकून दुसऱ्या गावाला नेला. एक खिळा नव्हता त्यात.”

“आणि वाळवी?”

“खांबाखाली तळखडा कशाला असतो मग? लाकडाचा पाय मातीत ठेवाल तर खाणारच की ती.”

मग त्यांनी विचारले, “पोरं किती?”

“तीस.”

खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, साधारण पाच फुटांची. मामांनी बोटांवर हिशेब केला.

“पाच खण पुरतील. वर पत्रा घाला, माती नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत उभी करून देतो. पण लाकूड दिवाळी झाली की लगोलग कापून सावलीत रचायला हवं. ओलं घातलं तर पिळतं.”

इंजिनिअरसाहेबांकडे अर्ज दिला आहे. त्यांनी एकच विचारले, “मास्तर, ही खोली पक्क्यात दाखवू की कच्च्यात?”