गिंपीच्या रानांतील गानमेळा

शहरांतील नाट्यगृहांत गाणें ऐकावयास जाणाऱ्या मनुष्यावर जबाबदारी अशी फारच थोडी असते. तिकीट काढावें, खुर्चीवर बसावें, आवडलें तर टाळ्या वाजवाव्या आणि भैरवी संपली कीं घरची वाट धरावी. दिवे कोणीं लावले, पाणी कोणीं भरलें, मागाहून झाडलोट कोणीं केली, ह्याची चौकशी करण्याचें त्यास कारण पडत नाहीं. परंतु गाणें रानांत असेल आणि श्रोत्यासहि तीन-चार रात्री तेथेंच काढावयाच्या असतील, तर हा सोपा हिशेब मोडतो. तेथें श्रोता केवळ पाहुणा राहत नाहीं. चार दिवसांपुरता तो एका नव्या गांवाचा रहिवासी होतो. रहिवाशाचीं कर्तव्यें ज्यास उमगलीं त्यास रानांतील गाण्याचा आनंद मिळतो. ज्यास तीं उमगलीं नाहींत, तो थंडी, धूळ आणि डांस ह्यांच्या तक्रारी बरोबर घेऊन परत येतो.

हें सांगण्याचें कारण असें कीं, ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं व त्याच्या आसपास आज अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, आणि पुण्या-मुंबईकडील वडील मंडळी मुलाकडे किंवा मुलीकडे कांहीं महिने राहावयास जातात. मुलगा-सून कामावर, नातवंडें शाळेंत, आणि उपनगरांतील रस्त्यावर दिवसभर चिटपाखरूंहि नाहीं, असा तो मुक्काम पुष्कळांस जड जातो. अशा वेळीं मुलानें “आई, बाबा, ह्या आठवड्याच्या अखेरीस रानांत गाणें ऐकावयास जाऊं,” असें म्हटलें, तर “आमच्या वयाला तें झेपायचें नाहीं,” असें एकदम म्हणूं नये. नीट तयारी केल्यास तें झेपतें; आणि त्या देशाचीं माणसें जशीं तेथें भेटतात तशीं बाजारांत भेटत नाहींत.

ब्रिस्बेनच्या उत्तरेस सुमारें १६० किलोमीटरांवर गिंपी नांवाचें गांव आहे. १८६७ सालीं जेम्स नॅश ह्यास तेथें सोनें सांपडलें, आणि दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या क्वीन्सलंड वसाहतीस त्या सोन्यानें हात दिला. ह्या गांवाच्या दक्षिणेस अमामूर क्रीक नांवाच्या ओढ्याकांठीं सरकारी राखीव जंगल आहे. तेथें ऑगस्ट महिन्याच्या उत्तरार्धांत ‘गिंपी म्युझिक मस्टर’ हा मेळा भरत आला आहे. ‘मस्टर’ म्हणजे माळावर पांगलेलीं गुरें हांकून एकत्र आणणें. १९८२ सालीं वेब घराण्यांतील गायक बंधूंच्या ‘थॉर्नसाइड’ नांवाच्या कौटुंबिक जमिनीवर, गिंपीच्या ॲपेक्स क्लब ह्या सेवाभावी मंडळाच्या साहाय्यानें, हा मेळा प्रथम भरला. १९८५ पासून तो अमामूरच्या जंगलांत आला. नफा कमावण्यासाठीं तो काढलेला नाहीं. मेळ्याचीं अनेक कामें आसपासच्या संस्थांचे स्वयंसेवक करतात, आणि त्यांतून मिळालेला पैसा त्या संस्थांच्या व इतर धर्मादाय कार्यांकडे जातो. हा एक मुद्दा ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील बहुतेक सूचनांचें कारण आपोआप कळतें.

तेथें जें गाइलें जातें त्यास त्या देशांत ‘कंट्री’ म्हणजे ग्रामीण संगीत म्हणतात; आणि ‘बुश’ ह्या त्यांच्या शब्दांत केवळ झाडी नव्हे, तर शहराबाहेरचा सारा मुलूख येतो. गुरें हांकणारे, लोकर कातरणारे, दुष्काळानें गांजलेले शेतकरी, पाठीवर वळकटी टाकून कामाच्या शोधांत हिंडणारे मजूर, हे ह्या गाण्यांचे नायक. बँजो पॅटर्सन ह्या कवीनें १८९५ सालीं ह्याच क्वीन्सलंडांत रचलेल्या ‘वॉल्टझिंग माटिल्डा’ ह्या सुप्रसिद्ध गीतांतील ‘माटिल्डा’ ही कोणी स्त्री नसून ती वळकटीच आहे! आपल्या पोवाड्याप्रमाणें ह्या गाण्यांत कथेला मान आहे. म्हणून रागदारीची अपेक्षा घेऊन जाऊं नये. शब्दांकडे कान द्यावा. उच्चार प्रथम कळत नाहींत. नातवास शेजारीं बसवून अर्थ विचारावा. सकाळच्या न्याहारीच्या वेळीं ग्रामीण कवि आपल्या विनोदी कविता तोंडपाठ म्हणून दाखवितात. वडील मंडळींस रात्रीच्या मोठ्या रंगमंचापेक्षां ही सकाळची बैठक बहुधा अधिक मानवेल.

आतां तयारीकडे वळूं. तिकीट आधीं काढावें, आणि मुक्कामाची परवानगी त्यांतच आहे कीं निराळी घ्यावी लागते, हें त्या वर्षाच्या नियमांत स्वतः वाचून पाहावें. रात्रभर गलबला चालणाऱ्या वस्तीपासून दूर, मुलाबाळांच्या कुटुंबांसाठीं वेगळी जागा असल्यास ती मागून घ्यावी. ब्रिस्बेनहून मोटारीनें दोन-अडीच तास लागतात. शक्य तर दुपारच्या आंत पोंचावें. अंधारांत तंबू उभारण्याइतकें संसारास तडा देणारें दुसरें काम नाहीं. तंबू नवा असेल तर घरच्या अंगणांत तो एकदां उभारून पाहावा. जागा किंचित् उंच आणि सपाट निवडावी. ओढ्याच्या पात्रालगतची व मोठ्या वाळक्या फांद्यांखालची टाळावी. निलगिरीच्या जातीच्या वृक्षांच्या थोर फांद्या वारा नसतांनाहि अकस्मात् मोडून पडतात, हें तेथील प्रत्येक रानवासी जाणतो. शौचकूप फार दूर नको, कारण रात्रीं उठावें लागतें. अगदीं शेजारींहि नको, हें सांगणें नलगे.

ऑगस्ट म्हणतांच आपल्या मनांत श्रावण उभा राहतो. पण तेथें तो हिवाळ्याचा शेवट असतो. दुपारीं पारा २३-२४ अंशांवर जातो आणि पहाटे ७-८ अंशांवर उतरतो. दुपारच्या उन्हाला भुलून स्वेटर घरीं ठेवणारा मनुष्य पहाटेपर्यंत जागा राहतो. थंडी वरून जितकी येते त्याहून अधिक ती जमिनींतून येते. म्हणून पांघरुणापेक्षां अंथरुणाची काळजी अधिक घ्यावी. खालीं जाड गादी किंवा घडीची खाट, तीवर घोंगडी, आणि मग पांघरूण, असा क्रम असावा. कानटोपी, लोंकरी मोजे, बंद बूट, प्रत्येकास स्वतंत्र विजेरी, आणि पाठीस टेंका देणारी घडीची खुर्ची, इतकें तरी न्यावेंच. खुर्ची ठेंगणी असावी, म्हणजे मागील मनुष्याचा दृष्टिरोध होत नाहीं. पुण्यास १९५३ पासून होत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवांत ज्यांनीं थंडींत शाली गुंडाळून गाणें ऐकलें आहे, त्यांस ह्यांतील बरेंच सांगावें लागणार नाहीं.

एका बाबतींत मात्र कोणींहि धाडस करूं नये. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी किंवा गॅसची चूल बंद तंबूंत कधींहि आणूं नये. तिच्यापासून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेल्या मनुष्यास तो जागेंच होऊं देत नाहीं. शेकोटी बाहेर, आणि तीहि परवानगी असेल तेथेंच. हिवाळा सरतां सरतां रान वाळलेलें असतें आणि वणव्याचा काळ सुरू होतो. ज्या दिवशीं शेकोटीस बंदी जाहीर होते त्या दिवशीं ती निमूटपणें पाळावी. लांकडें विकत घ्यावीं. राखीव जंगलांतील पडलेलें लांकूडहि उचलण्यास मनाई आहे, कारण त्या पोकळ ओंडक्यांत लहान प्राण्यांचीं घरें असतात. आणि निजण्यापूर्वी शेकोटी मातीनें झांकूं नये, पाण्यानें विझवावी. मातीखालीं निखारा तासन् तास जिवंत राहतो आणि सकाळीं अनवाणी धांवणाऱ्या मुलाचा पाय नेमका त्यावर पडतो.

जेवणाचे पदार्थ तेथें विकत मिळतात, परंतु शाकाहारी मनुष्यानें आपली शिदोरी आपण बाळगावी हें उत्तम. पहिल्या दिवशीं दशम्या आणि कोरडी चटणी. पुढें मेतकूट-भात, पिठलें, भाजणीचें थालिपीठ, लाडू. हे जिन्नस ब्रिस्बेनमधील भारतीय दुकानांतूनच घ्यावे. बियाणें, ताजीं फळें, दुधाचे पदार्थ ह्यांविषयीं ऑस्ट्रेलियाचे निर्बंध कडक आहेत. विमानतळावर जें जवळ असेल तें जाहीर करावें, लपविल्यास जबर दंड होतो. पिण्याचें पाणी घरूनच भरून न्यावें. ओढ्याचें पाणी कितीहि निर्मळ दिसलें तरी उकळल्यावांचून पिऊं नये, आणि साबणाचीं भांडीं त्यांत विसळूं नयेत. त्या ओढ्यांत प्लॅटिपस राहतो. हा सस्तन असून अंडीं घालणारा, बदकासारख्या चोंचीचा विलक्षण प्राणी. पहाटे किंवा सांजवेळीं कांठावर निश्चल बसणाऱ्यास तो क्वचित् दर्शन देतो. ज्यांचें गाण्यांत मन रमणार नाहीं त्यांनीं निदान ह्यासाठीं तरी एक पहाट राखून ठेवावी.

रानाच्या उपद्रवांविषयीं अकारण भय नको, पण अज्ञानहि नको. गिंपी हें गांवाचें नांवच मुळीं एक इशारा आहे. ज्या गबी-गबी लोकांची ही मूळ भूमि, त्यांच्या भाषेंतील ‘गिंपी-गिंपी’ ह्या एका झाडाच्या नांवावरून तें पडलें. हृदयाकृति पानांच्या ह्या झाडावर बारीक कांचेसारखे केस असतात. स्पर्श होतांच ते कातडींत रुततात आणि वेदना कधीं कधीं महिनोन् महिने परत परत उठते. आपली खाजकुयली तिच्यापुढें सौम्यच म्हणावयाची. २०२० सालीं क्वीन्सलंड विद्यापीठांतील संशोधकांनीं ह्या कुलांतील झाडांचें विष तपासलें, तेव्हां त्याची रचना कोळी व शंखगोगलगाय ह्यांच्या विषाच्या धर्तीची आढळली. म्हणून पायवाट सोडून झाडींत शिरूं नये, मुलांस अनोळखी पान तोडूं देऊं नये. आणि लागलेंच तर तो भाग न रगडतां प्रथमोपचार-केंद्र गांठावें. क्वीन्सलंडच्या पूर्वभागांत अंगवळण लुळें पाडणारी एक विषारी गोचीडहि असते. रोज सायंकाळीं मुलांचे कान, मान, केस तपासावे. गोचीड दिसल्यास चिमटून पिळूं नये, तिचेंहि काम जाणत्या माणसाकडेच द्यावें. बूट घालण्यापूर्वी झाडावे. नेहमींचीं औषधें दोन दिवस अधिक पुरतील अशीं घ्यावीं. भ्रमणध्वनीवर सर्वस्वीं विसंबूं नये. चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें ती जागा पहिल्याच दिवशीं ठरवावी. जीवावरचा प्रसंग आल्यास त्या देशाचा तातडीचा क्रमांक ००० आहे.

आतां शेजाराविषयीं. कापडी भिंतींना कान असतात असें म्हणण्यापेक्षां त्यांना कानांखेरीज दुसरें कांहींच नसतें, असेंच म्हणावें लागेल. रात्रीचें बोलणें हळू असावें. मोटारीचा दिवा शेजाऱ्याच्या तंबूवर पडूं नये. शेजारचे लोक मद्य घेत असतील. त्यांत त्यांच्या मनीं कांहीं वावगें नसतें. आपणांस नको असल्यास हंसून ‘नको’ म्हणावें आणि आपल्या चहाचा पेला पुढें करावा, म्हणजे स्नेहास बाध येत नाहीं. वारींत दिंडीच्या मुक्कामावर अनोळखी माणसें एका पंक्तीस बसतात, तसेंच हें आहे. येथें देव निराळा आणि टाळ-मृदंगाच्या जागीं गिटार व फिड्ल, इतकेंच. पंक्तीस बसावयाचें तर आपणहि कांहीं वाढावयास हवें. शेजाऱ्याच्या तंबूची दोरी धरणें, पाण्याचा डबा उचलून देणें, दोन लाडू पुढें करणें, ह्यास इंग्रजी फर्डें यावें लागत नाहीं.

ह्या शेजाराची किंमत गिंपीच्या लोकांनीं चांगलीच अनुभवली आहे. २०२० सालीं महामारीमुळें मेळा भरला नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें मेरी नदीला १८९३ नंतरचा सर्वांत मोठा पूर आला. गिंपीस पाणी सुमारें २३ मीटरांपर्यंत चढलें आणि बाजारपेठ बुडाली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत मेळा मात्र पुन्हां उभा राहिला. तो उभा करणारीं माणसें पगारी नोकर थोडीं आणि गांवकरी फार, हें लक्षांत आलें म्हणजे आपण टाकलेला एक कागद, न विझविलेली एक शेकोटी किंवा रांगेंत केलेली एक कुरकुर शेवटीं कोणाच्या डोक्यावर जाते, तें वेगळें सांगावें लागत नाहीं. पैसे देऊन आपण तेथें ऐकण्याचा हक्क घेतों. सेवा करवून घेण्याचा नव्हे.

शेवटच्या सकाळीं घाई करूं नये. तंबू दंवानें ओला असतो; ऊन पडल्यावर तो वाळवूनच घडी घालावा. खुंट्या मोजून घ्याव्या, कारण गवतांत राहिलेली खुंटी पुढें कोणाच्या तरी पायांत जाते. आपला सर्व केर आपल्याच मोटारींत घालावा, राखेवर हात धरून ती थंड झाली आहे ना हें पाहावें. रात्रीं जागरण झालेल्या चालकानें दुपारपर्यंत विसांवा घ्यावा; आणि तरीहि सूर्यास्तापूर्वीं हमरस्ता गांठावा, कारण तिन्हीसांजेस कांगारू रस्त्यावर येतात. वेळ असेल तर परततांना अमामूर गांवीं थांबावें. २०१८ पासून पुन्हां सुरू झालेली गिंपीची जुनी वाफेची आगगाडी तेथवर येते, आणि नातवंडांस तीन दिवसांच्या गाण्याइतकीच तीहि आठवणींत राहील.