चकलीचा गुमास्ता

मराठीत माणूस नोकरीला ‘लागतो’ आणि धंद्यात ‘पडतो’. खड्ड्यात पडतो, विहिरीत पडतो, तसाच धंद्यात. मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, तो अजून लागलेलाच आहे. आमच्या घराण्यात धंद्यात कुणी पडल्याचे ऐकिवात नव्हते. 2023 च्या गणपतीनंतर मात्र आमची सौ. पडली.

पडली म्हणजे काय, तर तिने आपल्या चकल्यांचा फोटो फोनवर टाकला आणि खाली लिहिले, ‘दिवाळीच्या ऑर्डरी घेणे सुरू आहे.’ संध्याकाळपर्यंत अकरा किलोंची मागणी! मी बँकेतला माणूस. कागद पाहिल्याशिवाय मला समोरचा माणूससुद्धा खरा वाटत नाही. म्हटले, “अगं, पण लायसन?”

“चकलीला कसलं लायसन? भाजणीत काय बंदुकीची दारू घालते मी?”

पण कायद्याला भाजणीतले काय कळते? 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे खाण्याचा पदार्थ विकायचा, तर तो कारखान्यात तळा नाहीतर डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, कागद हवाच. त्या वेळी वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असली की लायसनऐवजी साधी नोंदणी पुरत होती. फी वर्षाला 100 रुपये. अशा छोट्या माणसाला कायद्यात ‘पेटी फूड मॅन्युफॅक्चरर’ म्हणतात. आईला वाटले, सूनबाई आता भजनाच्या पेट्याही विकणार!

अर्ज आल्यावर 7 दिवसांत नोंदणी द्यावी, नाकारावी किंवा तपासणीची नोटीस काढावी, असा नियम. ‘तपासणी’ हा शब्द ऐकला मात्र, घरात मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी धावपळ उडाली. डबे घासले गेले, खिडकीची जाळी बदलली, मला चप्पल घालून स्वयंपाकघरात यायची बंदी झाली. आईने साहेबांसाठी कांदेसुद्धा चिरून ठेवले होते. साहेब आलेच नाहीत. आला तो 14 आकडी नंबर. आई जरा खट्टू झाली. म्हणाली, “फोटोवरूनच पसंत पडली वाटतं!”

मग आला गुमास्ता. हा पूर्वी भिंतीवर टांगायचा परवाना असे. 2017 च्या नव्या कायद्याने, दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीचीही गरज ठेवली नाही. धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत सरकारला नुसते कळवायचे. सरकार पोच देते. लग्नाची पत्रिका पोचल्याचे कळवतात ना, तसे. लग्नाला येण्याचे बंधन कुणावरच नाही.

पण फॉर्म म्हटला की रकाने आले. कामगार: पुरुष शून्य, स्त्रिया शून्य.

“आणि सोऱ्या फिरवतो तो कोण?” मी विचारले.

“तुम्ही घरचे.”

स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय रात्री साडेनऊनंतर कामाला लावू नये, असे हा कायदा सांगतो. घरच्या पुरुषाविषयी तो मौन पाळतो. त्या दिवाळीत मी रात्री एकपर्यंत सोऱ्या फिरवत होतो. संमती कुणी विचारली नाही.

पुढे पाटी. 2022 पासून अशा छोट्यांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि आम्हाला फॉर्मबरोबर पाटीचा फोटो जोडायला सांगितले. पाटी दारावर लागताच सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. “जिन्यात दुकान मांडलंत की काय?” सौ.ने त्यांना बसवले, चहा दिला आणि बरोबर दोन चकल्या. जाताना ते म्हणाले, “पाटी जरा आतल्या बाजूला घ्या. आणि माझं एक किलो लिहा.”

सगळ्यात अवघड कागद घरातच होता. जागेचा पुरावा म्हणून विजेचे बिल, आणि बिल आईच्या नावावर. म्हणजे सासूचे ना-हरकत पत्र! अठरा वर्षांत आईने सुनेच्या एकाही पदार्थाला तोंडीसुद्धा ना-हरकत दिलेली नव्हती. तिने चष्मा लावून पत्र दोनदा वाचले, सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘तेल जरा बेताने वापरावे.’

जीएसटीने मात्र आम्हाला लांबूनच नमस्कार केला. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत ती नोंदणी लागत नव्हती. आमचे आकडे अजून भाजणीच्या डब्यात मावत होते. उद्यम नोंदणीही सोपी निघाली. 1 जुलै 2020 पासून ती आधारवर होते आणि एक पैसा पडत नाही. सरकारी तोंडवळा घेऊन पैसे मागणारी दुकाने इंटरनेटवर बसलेली असतात, तेवढी ओळखावी. दागिना पारखावा तसा पत्ता पारखावा.

शेवटी करंट खाते. एकट्या मालकाच्या धंद्याला व्यवसायाचे दोन पुरावे लागतात, हे वाक्य मी काउंटरच्या आतून हजारदा म्हटलेले आहे. त्या दिवशी सौ. काउंटरच्या बाहेर होती आणि माझ्या शेजारचा सहकारी तिला म्हणाला, “वहिनी, दुसरा पुरावा?” बाहेर उभे असलेल्यांचा घसा त्या वाक्याने किती कोरडा पडतो, ते मला शेजारी बसून पहिल्यांदा दिसले. वहिनींनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली, गुमास्ता आणि उद्यम पुढे ठेवले. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला कागद मागताना आधी ‘बसा’ म्हणतो.

त्या फाइलीतला प्रत्येक कागद मी वाचला आहे. एरवी आमच्या घरी कागदांवर ती कुणाची तरी पत्नी, कुणाची तरी आई, खात्यावर दुसरे नाव. इथे मात्र मालक म्हणून तिचे एकटीचे नाव, तिचाच फोटो. फोटोत ती हसलेली नाही. सरकारी फोटोत हसायचे नसते असे मीच सांगितले होते.

पुढल्या जूनमध्ये मुलीचा अकरावीचा फॉर्म भरायला बसलो. आईचा व्यवसाय या रकान्यात मी इतकी वर्षे सवयीने ‘गृहिणी’ लिहीत आलो. पेन टेकवणार, इतक्यात मुलीने फॉर्म ओढून घेतला आणि लिहिले: ‘स्वतःचा’.

वडिलांच्या रकान्यात काय लिहायचे, यावर मात्र घरात मतभेद झाले. आईचे म्हणणे, नोकरी. सौ.चे म्हणणे, दोन नोकऱ्या.